शुक्रवारचं बोलावणं

कुंभकोणममध्ये मराठी बोलणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांपैकी कुणाकडे मुंज असो, बारसं असो, बोलावणं करायला मंगलालाच पुढे करत. तिच्या बोलावण्याला कुणी नाही म्हणत नसे. आजारी माणसं काठी टेकत यायची. अबोला धरलेल्या जावा यायच्या आणि एकमेकींकडे पाठ करून का होईना, जेवून जायच्या.

ही कला तिला सासूने दिली होती. श्रावणातल्या एका शुक्रवारी घरात सवाष्ण जेवायला घालायची. तिला आदल्या संध्याकाळी कुंकवाची करंडी घेऊन सांगायला जायचं. सासू म्हणायची, "याल का, असं विचारू नको. विचारलंस की माणूस अडचणी आठवू लागतो. कुंकू लावायचं आणि म्हणायचं, उद्या तुमचा पाट मांडते, तुम्ही येईतो आमच्यात कुणी बसणार नाही. आणि उत्तराला थांबायचं नाही." म्हणजे आपल्या अख्ख्या घराची भूक दुसरीच्या हवाली करून यायचं. मग ती बाई कशी राहील घरी?

सासू गेली. सांगायची पद्धत मंगलाने तशीच ठेवली. अकरा वर्षं तिच्या घरची सवाष्ण एकच होती, दोन गल्ल्या पलीकडच्या तळ्याकाठी राहणारी सुब्बलक्ष्मी मामी. साठीला आलेली, ठेंगणी, जोरात हसणारी बाई. मुलगा परदेशी. नवरा व्यंकटेशराव टपाल खात्यातून निवृत्त झालेला. तमिळ शेजारी दोन्ही घरांना 'रायर वीडु', रावांचं घर, म्हणत आणि दोन्ही घरांत ओसरीपर्यंत तमिळ, ओसरीच्या आत मराठी चाले.

मंगला चाळिशीला टेकलेली. नवरा गिरिधर पापनाशम्‌च्या एका विमा कचेरीत, रोज सकाळच्या गाडीने जाणारा. मुलगी मधुमिता इंजिनिअरिंगला. मंगलाने तमिळ घेऊन बी.ए. केलं होतं आणि ती घरबसल्या इंग्रजीतून तमिळमध्ये भाषांतरं करायची. बरीच वर्षं कोइमतूरच्या मोटारपंपांची माहितीपत्रकं. पंप कसा बसवावा, पाणी चढत नसेल तर काय तपासावं. त्या कामात कुणाला काही वाटावं असं नव्हतं, आणि पैसेही तसेच बेताचे.

दोन वर्षांपूर्वी गिरिधरच्या आतेभावाच्या ओळखीने बंगळुरूच्या एका कंपनीचं काम आलं. फोनवर रम्मी खेळायचं ॲप होतं. तिथला साईराम नावाचा एकोणतीस वर्षांचा मुलगा तिचा साहेब. पहिल्याच फोनवर त्याने तिला अक्का केलं.

"आपण जुगार चालवत नाही हं अक्का," तो हसत म्हणाला होता. "खेळणारे एकमेकांशी खेळतात. हरणारा हरतो, जिंकणारा जिंकतो. आपण मांडववाले. दर डावामागे मांडवाचं भाडं घेतो, एवढंच."

"आणि मांडव रिकामा पडला तर?"

"तेच तर! लग्न कुणाचं का असेना, मांडव रिकामा पडता कामा नये. म्हणून तर तुम्ही."

हळूहळू तिला मांडवाची रचना कळत गेली. नव्या माणसाला आल्या आल्या भेट म्हणून पैसे मिळत, ते खेळता येत, काढून मात्र घेता येत नसत. स्वतःचे पैसे भरायला एक टिचकी पुरे, परत काढायला चार पडदे ओलांडून दोन दिवस थांबायचं. कुणी लागोपाठ तीनदा हरला की त्याचा हात फोनवरून सुटायच्या आत छोटंसं बक्षीस जायचं. आणि जे यायचेच बंद झाले त्यांची एक यादी होती. तिला 'झोपलेले' म्हणत. मंगलाचं काम त्यांना उठवायचं.

इंग्रजीतून आलेले संदेश तिला असभ्य वाटले. 'त्वरा करा! तुमचा बोनस आज संपणार!' असं कुणी कुणाला बोलावतं का? वसुलीवाला ओरडल्यासारखं. तिने ते बाजूला ठेवले आणि सासू तमिळमध्ये बोलली असती तर कशी बोलली असती, तसं लिहिलं. 'तुमची जागा मांडून ठेवली आहे. बाकीचे पाच जण हात आवरून बसले आहेत. तुमच्यावाचून कुणी सुरुवात करणार नाही.'

ते पाच जण कुठेच नव्हते, हे तिला ठाऊक होतं. पण लिहिताना ते तिला दिसले होते. मांडी घालून बसलेले, दाराकडे बघणारे.

आठवड्याने साईरामचा फोन आला तेव्हा तो जवळजवळ ओरडतच होता. "अक्का, शंभर झोपलेल्यांत तीन उठायचे. आता अकरा उठतात! इकडे सगळे त्याला कुंभकोणम मेसेज म्हणतात. काय जादू केलीत?"

"जादू कसली. आमच्यात असंच बोलावतात."

पगार वाढला. मधुमिताची फी एका हप्त्यात भरता आली. मंगला स्वतःहून सुचवू लागली. बायकांच्या यादीला संदेश संध्याकाळी पाठवतात हे तिला कळलं तेव्हा ती हसली. "संध्याकाळी? तेव्हा दिवा लावायचा, दूध तापवायचं, पाहुणे. बायकांना दोन वाजून दहा मिनिटांनी बोलवा. जेवणं आटोपलेली, ओटा पुसलेला, पुरुष आडवे झालेले. दिवसभरात पहिल्यांदा हात रिकामे असतात ते तेव्हा." साईरामने ते लिहून घेतलं. पुढल्या महिन्यात तिला एक सत्कारपत्र आलं, रंगीत, फोनवरच. तिने ते गिरिधरला दाखवलं होतं.

ॲपमध्ये एक बटण होतं, 'काही दिवस विश्रांती'. ते दाबलं की तीस दिवस खेळता येत नसे. ज्यांनी ते दाबलं त्यांची वेगळी यादी एक दिवस मंगलाकडे आली.

"यांनी तर आपणहून नको म्हटलंय," ती म्हणाली. "यांना कशाला?"

"अक्का, त्यांनी तीस दिवस नको म्हटलं. एकतिसाव्या दिवसाबद्दल काही बोललेत का?"

मंगला हसली होती. पुढे तिला जे जे आठवायचं त्यात हे हसू सगळ्यांत आधी यायचं. यादीत पूर्ण नावं नसत. आद्याक्षर, गाव, वयाचा अंदाज, वेळ. तिने त्यात एक ओळ वाचलीही होती. 'एस., कुंभकोणम, स्त्री, ५५ ते ६०, दुपार.' आपल्या गावचीही कुणी आहे म्हणून तिला क्षणभर गंमत वाटली होती. मग तिने कुंभकोणम मेसेज त्या यादीला जोडून दिला.

यंदाच्या श्रावणात दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी ती करंडी घेऊन मामीकडे गेली. मामी ओसरीवर कढीपत्ता निवडत बसली होती. व्यंकटेशमामा देवळात गेले होते. मंगलाने कुंकू लावायला हात पुढे केला तशी मामीने मान मागे घेतली.

"यंदा मज सांगू नको, मंगळे."

"का बा? बरं नाही का?"

"बरी आहे. दुसरी कुणी बघ. चोळपुरम्‌ची जयश्री येईल, तिला कुणी बोलवतही नाही."

मामीचा हात गळ्याशी गेला होता. मंगलाने बघितलं. सोन्याची साखळी नव्हती. हळदीत भिजवलेल्या पिवळ्या दोऱ्यात मंगळसूत्राच्या वाट्या ओवल्या होत्या. दोरा नवा होता, गळ्याला अजून त्याचा रंग लागलेला.

"साखळी तुटली. सोनाराकडे दिली आहे," मामी म्हणाली. मग कढीपत्त्याचं सूप बाजूला सारून, आवाज उतरवून म्हणाली, "मामांना तसंच सांगितलंय. तुज खोटं काय सांगू? विकली."

आणि मग ती सगळंच बोलली, अडवलेलं पाणी सुटावं तशी. लहानपणी तिरुविसनल्लूरला आजोळी उन्हाळ्यात दिवस दिवस पत्ते चालायचे. ती सगळ्यांना हरवायची. फोनवर ते दिसलं तेव्हा पहिल्यांदा नुसती करमणूक म्हणून. मुलाने पाठवलेले पैसे गेले, मग ठेवीचे थोडे. एक दिवस स्वतःच घाबरली आणि ते विश्रांतीचं बटण दाबलं.

"महिनाभर हातही लावला नाही. बोनस देतो म्हणाले, नाही गेले. फुकट म्हणाले, नाही गेले. मज काय कळत नाही होय फुकट म्हणजे काय ते? आणि मग हे आलं बघ." तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोन मंगलापुढे धरला. "वाच. किती गोड लिहिलंय. तमिळ आहे, पण अस्कं, शब्द न् शब्द आपल्या घरातलं. हे आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलंय, सांगते तुला."

मंगलाने वाचलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या हातात किती लहान दिसतं, हे तिला तेव्हा कळलं. दोन ओळी. खाली एक हिरवं बटण.

"पाच जण खोळंबलेत म्हटल्यावर कसं बसवेल, सांग," मामी म्हणाली. "जन्मात कधी कुणाला ताटावर ताटकळत ठेवलं नाही. वाटलं, एक डाव खेळून उठावं, त्यांची सुटका करावी." ती हसायला गेली पण ते हसू तोंडातच राहिलं. "मग कुठलं उठणं."

मंगलाला तेव्हाच सांगायचं होतं. तिने तोंड उघडलंही. बाहेर आलं ते एवढंच, "येते मामी. दिवेलागण झाली."

शुक्रवारी जयश्री जेवायला आली. चोळपुरम्‌हून बसने येताना तिने फुलंही आणली. पुरण चांगलं झालं होतं, भाजीचा आंबटगोड कायरस तर गिरिधरने दोनदा मागून घेतला. मंगलाने पुरण पानातच ठेवलं. गिरिधरने विचारलं, तेव्हा ती डोकं दुखतंय म्हणाली.

पुढल्या तीन आठवड्यांत ती कामाला बसायची आणि कोरा पडदा उजळ ठेवून नुसती बघत राहायची. अकरा म्हणजे शंभरांतले अकरा. लाखात किती, हा हिशेब तिने आजवर केला नव्हता, आणि आता ती तो करायला धजत नव्हती. शिवाय आकड्यांनी तिला तितकं छळलं नसतं. तिला छळत होते ते पिवळे दोरे. भाजीवालीच्या गळ्यात दिसला तरी तिला वाटायचं, हिनेही दोन दहाला फोन उघडला असेल का?

ऑगस्ट संपत आला आणि दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद. गिरिधरने बातमी मोठ्याने वाचली. तिच्या मनातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. तिचं काम गेलं म्हणून त्याला हळहळ वाटत होती.

त्याच दिवशी साईरामचा फोन आला. "अक्का, मांडव उठला. पण घाबरू नका, दुसरा उभारतोय. ज्योतिषाचं ॲप. मिनिटाच्या भावाने बोलायचं. दुःखी माणसं फार, ती लवकर फोन ठेवत नाहीत. तुमची वाक्यं तर कायद्याने बंद केलेली नाहीत ना!"

"माझी वाक्यं आता नाहीत," मंगला म्हणाली.

"म्हणजे?"

"संपली."

त्याला तो विनोद वाटला. विचार करून सांगा म्हणाला.

संध्याकाळी सुब्बलक्ष्मी मामी आपणहून आली. कित्येक आठवड्यांनी तिचा चेहरा उघडा वाटत होता. "ऐकलंस का? बंद झालं! आता मज वाटलं तरी जाता यायचं नाही. देवीनेच कडी लावली बाहेरून." ती पाटावर बसली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं. "आणि जिने ते लिहिलं ना, तिलाही काही म्हणत नाही मी. तिलाही पोट असेल."

मंगला भांडी लावत होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "तिने कशावरून? बाईच असेल कशावरून?"

"अगो, दोन वाजून दहा मिनिटं. रोज त्याच वेळी. पुरुषाला ती वेळ कशी ठाऊक असणार?"

आता गप्प राहणं सोपं होतं. ॲप बंद, कंपनी लांब, यादीत नावं अर्धी. मामी स्वतःच क्षमा करून मोकळी झालेली. पुढल्या श्रावणात ती पुन्हा आली असती, जोरात हसत. कुणालाही कधीही कळलं नसतं. मंगलाने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मामी, ते मी लिहिलं."

"काय?"

"ते जागा मांडलीय म्हणून. वेळही मीच सांगितली त्यांना. दोन वर्षं तेच काम करत होते. बटण दाबलेल्या लोकांची यादी आली तेव्हा मी विचारलं, यांना कशाला. आणि मग पाठवलं."

मामी तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग आला नाही. तिथे जे आलं ते बघणं मंगलाला रागापेक्षा जड गेलं. कोडं सुटल्यावर माणूस शांत होतो तसं काहीसं.

"तरीच," मामी म्हणाली. "तरीच मज वाटलं, कुणी ओळखीचं हाक मारतंय."

मग मामी गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल."

"कुठे?"

"घरी. मामा रोज विचारतात, सोनाराने साखळी दिली का. आज स्वतः जाऊन घेऊन येतो म्हणत होते. मज सांगायचा धीर नाही. तुज शब्द येतात. तू सांग."

"मामी, मी काय—"

"तुझ्या बोलावण्यापायी गेली ना साखळी? मग आता एवढं कर." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि गोड करून सांगू नको. तुझं गोड फार वाईट."

दोघी तळ्याच्या काठाने चालत गेल्या. पाण्यावर अजून उजेड होता. ओळखीच्या बायकांनी हाका मारल्या, मामीने सगळ्यांना उत्तरं दिली. एकीने विचारलं, "काय रायर अम्मा, सुनेसारखी बरोबर घेऊन निघालीस?" मामी म्हणाली, "काम आहे तिचं."

व्यंकटेशमामा पायजम्यावर सदरा चढवून, पायांत चपला घालून दारातच निघण्याच्या तयारीत होते. हातात सोनाराची जुनी पावती होती, कधीच्या तरी कुड्यांची, पत्ता बघायला काढलेली. मंगलाला बघून त्यांचा चेहरा खुलला. "ये गो. बोलवायला आलीस? शुक्रवार तर झाले आता सगळे."

"नाही मामा. बसा."

ते बसले. मामी आत गेली नाही, खांबाला धरून उभी राहिली. मंगलाला सवयीने पहिलं वाक्य सुचलं, मऊ, ऐकणाऱ्याला हळूच आत घेणारं. तिने ते गिळलं. दुसरंही गिळलं. मग जे राहिलं ते एका दमात बोलली. साखळी सोनाराकडे नाही. मामीने विकली. फोनवरच्या पत्त्यांत गेली. मामीने ते सोडलं होतं. मग दुपारी फोनवर आलेल्या, मी लिहिलेल्या बोलावण्यामुळे ती परत गेली. मला त्याचा पगार मिळत होता.

मामांनी पावतीची घडी घातली, मग आणखी एक घडी. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. ओसरीच्या फरशीकडे बघत ते खूप वेळ काहीतरी आठवत राहिले.

"एका दुपारी," ते सावकाश म्हणाले, "मी आडवा झालो होतो. हिचा फोन वाजला. ही उचलत नव्हती. मीच म्हणालो, अगो बघ तरी, कुणीतरी बोलावतंय." त्यांनी मान वर केली. "मीच उठवलं हिला."

मामीने खांबावरचा हात काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"नाही मामा," मंगला म्हणाली. "तुम्ही ते तुमच्याकडे घेऊ नका."

"मग कुणाचं ते?"

"माझं."

मामा तिच्याकडे बघत थांबले. तिच्या बोलण्याची त्यांना सवय होती. एका शब्दामागे आणखी पाच येतात, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. ते वाट बघत होते. मंगला नुसती उभी राहिली. तिच्याकडे याच्यापुढचं काही नव्हतं.